आधी मुक्काम, मग किलोमीटर : किनाऱ्याच्या रस्त्याने अनेक दिवसांचा प्रवास कसा आखावा

किनाऱ्याच्या रस्त्याने जायचे ठरले की बहुतेक जण नकाशा उघडतात, पहिले आणि शेवटचे गाव टाकतात, आलेल्या किलोमीटरना हाताशी असलेल्या दिवसांनी भागतात आणि भागाकार जिथे पडेल तिथे मुक्काम धरतात. महामार्गावर हा हिशेब चालून जातो. समुद्राकाठी तो हमखास फसतो, कारण तिथे पाहण्यासारखे जे काही असते ते अंतराच्या नव्हे, घड्याळाच्या हिशेबाने दिसते. ओहोटीला उघडी पडणारी वाळू, उतरत्या उन्हात रंग बदलणारे कडे आणि वारा सुटण्यापूर्वीचा शांत समुद्र यांपैकी एकही गोष्ट आपल्या सोयीने थांबून राहत नाही. म्हणून माझा आग्रह असा की, आधी प्रत्येक संध्याकाळ कुठे घालवायची ते ठरवावे, त्यावरून मुक्काम ठरवावा आणि दोन मुक्कामांमध्ये जे अंतर उरेल तेवढेच त्या दिवसाचे काम समजावे. अंतर जास्त भरले तर एखादा दिवस वाढवावा किंवा मार्गाचा एक तुकडा सरळ गाळावा, पण संध्याकाळ गाळू नये.

दिवसाला किती अंतर धरावे

समजा, दोन मुक्कामांमध्ये १८० किलोमीटर आहेत आणि नकाशा पावणेचार तास सांगतो. या पावणेचार तासांत पुढे रेंगाळणारा ट्रक नाही, एका वेळी एकच वाहन जाऊ शकणारा पूल नाही आणि आपण ज्यासाठी निघालो ते थांबणेही नाही. सहा ठिकाणी थांबायचे म्हटले तर प्रत्येकी वीस मिनिटे धरावीत. समुद्राकाठचा ‘पाच मिनिटांचा’ थांबा पंधरा मिनिटांच्या आत कधीही आटपत नाही, कारण गाडीला जागा शोधणे, टोकापर्यंत चालत जाणे, परत येणे आणि पायांची वाळू झटकून आत बसणे यातच दहा मिनिटे जातात. थांब्यांचे दोन तास, जेवणाचा एक तास आणि संथ वाहतुकीचा अर्धा तास धरला की पावणेचारचे सव्वासात तास होतात. सकाळी नऊला निघालेला माणूस सव्वाचारला पोहोचतो. सूर्यास्त साडेसहाला असेल तर त्याला सामान टाकून किनाऱ्यावर जायला दोन तास उरतात. म्हणून वळणाच्या रस्त्यावर १८० किलोमीटर ही मी वरची मर्यादा मानतो, आणि १२० ते १५० किलोमीटरचा दिवस मला मनापासून आवडतो.

ऑस्ट्रेलियातील ग्रेट ओशन रोड हे याचे चांगले उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात बांधलेला हा रस्ता सुमारे २४३ किलोमीटरचा आहे, आणि तो एका दिवसात संपवणारे पुष्कळ जण आहेत. मात्र सकाळी पूर्वेच्या टोकाकडून निघालेला असा प्रवासी ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ या समुद्रातल्या चुनखडीच्या सुळक्यांपाशी बहुधा भर दुपारी पोहोचतो, जेव्हा ऊन डोक्यावर असते आणि दगडाचा रंग पार धुऊन गेलेला असतो. त्याच रस्त्यावर मध्ये दोन मुक्काम केले, तर सुळके संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी असे दोनदा पाहता येतात. नॉर्वेतील अटलांटिक रोड तर जेमतेम ८.३ किलोमीटरचा आहे. त्यावरील आठ पूल ओलांडायला दहा-पंधरा मिनिटे लागतात, तरीही तेथे अर्धा दिवस ठेवावा. उलट स्कॉटलंडचा सुमारे ८३० किलोमीटरचा नॉर्थ कोस्ट ५०० हा वळसा आठवड्याच्या आत बसवण्याचा प्रयत्न मी करणार नाही.

अंतराचा आणखी एक चकवा खाड्यांचा असतो. समोरच्या काठावरचे गाव दिसत असते, तिथले दिवे मोजता येतात, पण रस्त्याने जायचे तर खाडीच्या मुखापासून आत जाऊन, पूल गाठून, दुसऱ्या काठाने परत यावे लागते आणि दोन किलोमीटरचे चाळीस होतात. तिथे फेरीबोट असेल तर ती जरूर वापरावी, परंतु वेळापत्रकात पहिल्या फेरीपेक्षा शेवटची फेरी आधी पाहावी, गाड्यांची रांग किती लागते याची चौकशी करावी आणि वाऱ्यामुळे फेरी रद्द झाल्यास वळशाचा रस्ता किती वेळ घेईल, हे आधीच लिहून ठेवावे. बोटीवर गाडी चढवल्यावर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी. ही सूचना तिथला कर्मचारी देतोच, पण इंजिनच्या आणि साखळ्यांच्या आवाजात ती ऐकू येईलच असे नाही.

समुद्र कोणत्या हाताला ठेवावा

कोणत्या दिशेने जायचे हा प्रश्न अनेकांच्या मनातही येत नाही. जिथे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात तिथे समुद्र डावीकडे राहील अशा दिशेने जावे, आणि जिथे उजव्या बाजूने चालतात तिथे तो उजवीकडे ठेवावा. असे केले की आपली मार्गिका पाण्याकडची असते, मध्ये समोरून येणाऱ्या गाड्यांची रांग आड येत नाही, आणि दृश्य पाहण्यासाठीच्या थांब्यांत वळताना रस्ता ओलांडावा लागत नाही. पश्चिमेला समुद्र असलेल्या कॅलिफोर्नियाच्या हायवे १ वर त्यामुळेच उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणे सोयीचे ठरते. बेटाभोवती फिरायचे असेल तर लक्षात ठेवायला आणखी सोपे आहे: डावीकडून वाहतूक असेल तर बेटाला सरळ प्रदक्षिणा घालावी, उजवीकडून असेल तर उलटी. अर्थात ज्याला उंचीची धास्ती वाटते अशा चालकाने हा नियम बाजूला ठेवून डोंगराकडची मार्गिका निवडलेली बरी. कठड्यापलीकडची पोकळी बघून जो नकळत मधल्या रेषेकडे सरकतो, त्याच्याइतका समोरच्याला धोकादायक चालक दुसरा नाही.

दिशेबरोबर सूर्याचाही विचार करावा. दुपारनंतर पश्चिमेकडे गाडी हाकणे म्हणजे दोन-तीन तास डोळ्यांवर ऊन घेणे होय, आणि किनाऱ्यावर त्यात खाऱ्या तुषारांची भर पडते. एका प्रवासात मी पाच वाजता अशाच एका पश्चिमेकडच्या रस्त्याला लागलो होतो. दिवसभर काच स्वच्छ वाटत होती, पण ऊन समोरून येताच तिच्यावरचा मिठाचा पातळ थर एकदम पांढरा पेटला आणि पुढचे वळण दिसेनासे झाले. वायपर फिरवला, तर पाण्याच्या टाकीत थेंब नव्हता, त्यामुळे थर जायच्या ऐवजी सारखा पसरला. शेवटी पिण्याच्या बाटलीतले पाणी काचेवर ओतून गाडी पुढे नेली. तेव्हापासून पश्चिमेकडचा टप्पा मी सकाळी, सूर्य पाठीशी असताना उरकतो आणि काचेच्या पाण्याची टाकी रोज सकाळी भरतो. सूर्य पाठीशी असला की समोरचे कडेही उजळलेले दिसतात.

किनारा पूर्वेकडे तोंड करून असेल तर सूर्यास्ताचा हट्ट सोडून पहाटेचा मुक्काम साधावा. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, त्यामुळे त्या रात्री पूर्व किनाऱ्यावर असलेल्याला तो पाण्यातून वर येताना दिसतो, आणि पश्चिम किनाऱ्यावर असलेल्याला दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्यात उतरताना दिसतो. तारखा आपल्या हातात असतील तर एवढ्यासाठी पंचांग उघडायला काहीच हरकत नाही.

भरती-ओहोटीचे कोष्टक

आखणीतला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी कागद हाच आहे. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून तीच ओहोटी दुसऱ्या दिवशी सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. रविवारी सकाळची ओहोटी ८.४० ला असेल तर सोमवारी ती ९.३० च्या, मंगळवारी १०.२० च्या आणि बुधवारी ११.१० च्या सुमारास येईल. आठवडाभरात हा सरकाव जवळजवळ सहा तासांचा होतो, म्हणजे पहिल्या दिवशी ज्या वेळी वाळूवर फिरलो त्याच वेळी आठव्या दिवशी तिथे पाणी असते. ज्या ठिकाणी लाटांनी कोरलेल्या गुहा, खडकांतली डबकी किंवा वाळूवरून चालत जाण्याचे बेट आहे, ती ठिकाणे कोणत्या दिवशी येतात हे या कोष्टकावरून ठरवावे. मुक्कामांचा क्रम त्यासाठी उलटवावा लागला तरी उलटवावा.

अमावास्या आणि पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती येते. त्याच दिवसांत ओहोटीही सर्वांत खोल जाते आणि एरवी पाण्याखाली राहणारा भाग उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि चढ-उतार कमी होतो. एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: एखाद्या ठिकाणी उधाणाच्या दिवसांतली ओहोटी घड्याळाच्या साधारण ठरावीक वेळीच येते. ती वेळ सकाळची असेल तर प्रवासाची तारीख पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या मागेपुढे ठेवावी, आणि मध्यरात्रीची असेल तर त्या आकर्षणाचा नाद सोडावा. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी पाण्याचा चढ-उतार इतका थोडा असतो की हा सगळा खटाटोप तेथे करावा लागत नाही. याउलट कॅनडातील बे ऑफ फंडीसारख्या ठिकाणी तो सुमारे १६ मीटरपर्यंत जातो.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांचा ढोबळ हिशेब असा: एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते. चढ ३.६ मीटरचा असेल तर पहिल्या तासात पाणी केवळ ३० सेंटिमीटर वाढते, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ९० सेंटिमीटर. पहिल्या तासाची संथ गती बघून निर्धास्त झालेला माणूस खडकाच्या टोकाशी अडकतो तो यामुळे. ओहोटीच्या दोन तास आधी उतरावे आणि पाणी वळले की आपणही वळावे.

काही ठिकाणी तर रस्ताच पाण्याखाली जातो. फ्रान्समध्ये न्वारमूत्ये बेटाकडे जाणारा पासाज द्यु ग्वा हा चार किलोमीटरहून थोडा लांब रस्ता दिवसातून दोनदा बुडतो आणि साधारणपणे ओहोटीच्या आधी आणि नंतर दीड-दीड तासच वापरता येतो. इंग्लंडमधील लिंडिसफार्न बेटाच्या रस्त्यावर अडकलेल्यांसाठी खांबांवर उभारलेली एक खोली आहे. अशा ठिकाणी स्थानिक प्रशासन सुरक्षित वेळांचा तक्ता प्रसिद्ध करते. आपले गणित कितीही पक्के असले तरी तिथे तो तक्ताच अंतिम मानावा.

वारा, धुके आणि ऋतू

दिवसा जमीन लवकर तापते आणि समुद्रावरून खारे वारे सुटतात. दुपारी त्यांचा जोर सर्वांत जास्त असतो आणि रात्री जमिनीवरून मतलई वारे वाहू लागतात. शाळेत पाठ केलेली ही ओळ आखणीत फार कामाला येते: होडीतून करायच्या गोष्टी सकाळी ठेवाव्यात, आणि दुपार गाडीत किंवा दीपगृहाच्या आडोशाला घालवावी. उघड्या पठारांवर, विशेषतः आइसलँडमध्ये, वाऱ्याने गाडीचे दार उलटे वळून बिजागरी मोडणे ही नेहमीची गोष्ट आहे. तिथे गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडावे.

भर उन्हाळा हाच उत्तम काळ, असेही नाही. कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्यावर जून-जुलैत थंड पाण्यावरून येणारे धुके दिवस-दिवस हटत नाही आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आकाश बरेच मोकळे असते. गर्दीचा हंगाम संपतानाचे काही आठवडे मला सर्वांत आवडतात, मात्र त्या काळात लहान गावांतील खानावळी आणि फेरीबोटी आठवड्यातले काही दिवस बंद असतात, त्यामुळे कोणत्या दिवशी काय उघडे आहे ते विचारून घ्यावे.

मुक्काम निवडताना

मुक्कामाच्या जागेला माझी पहिली अट आहे ती किनाऱ्यापर्यंत पायी जाता येण्याची. संध्याकाळी पुन्हा गाडी काढावी लागली तर सूर्यास्तानंतर अंधारातल्या वळणांवरून परतावे लागते, आणि ते टाळण्यासाठीच तर आपण लवकर पोहोचलेलो असतो. खोलीतून समुद्र दिसण्यासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा दहा मिनिटांच्या चालीवर चांगली पुळण असलेली साधी जागा घ्यावी. गाडी लावायला जागा आहे का, हे स्पष्ट विचारावे, कारण मासेमारीच्या जुन्या गावांतल्या गल्ल्या गाड्यांसाठी बांधलेल्या नसतात.

रोज सामान बांधणे तिसऱ्या दिवशीच जिवावर येते. सात रात्रींचा प्रवास असेल तर सात मुक्काम न करता चार करावेत: त्यांपैकी तीन ठिकाणी दोन-दोन रात्री आणि एका ठिकाणी एक रात्र. दोन रात्रींच्या मुक्कामातला मधला दिवस वातावरणासाठी राखीव असतो. पाऊस लागला, धुके आले किंवा मुलाला ताप भरला तर तो दिवस खर्ची पडतो, आणि काहीच झाले नाही तर चाक न फिरवता समुद्राकाठी बसायला मिळते. आरक्षण करताना आधी शनिवारची रात्र पक्की करावी, मग जिथे दुसरा पर्यायच नाही अशा एकुलत्या गावातली, आणि बाकीच्या रात्री रद्द करता येतील अशा अटीवर घ्याव्यात.

शेवटची रात्र किनाऱ्यावर काढण्याचा मोह होतो, पण परतीचे विमान किंवा लांबचा घरचा रस्ता सकाळी असेल तर ती रात्र तिथून दोन तासांच्या आत असावी. भाड्याची गाडी दुसऱ्या गावी सोडल्यास वेगळे शुल्क पडते. ते आणि आतल्या महामार्गाने परत येण्याचा खर्च यांची तुलना सुरुवातीलाच करावी.

रस्ता बंद असेल तर

समुद्र खालून पोखरतो आणि पाऊस वरून ढकलतो, त्यामुळे कड्यावरचे रस्ते बंद पडणे हा अपवाद नसतो. मे २०१७ मध्ये बिग सरजवळ मड क्रीक येथे डोंगराचा मोठा भाग हायवे १ वर कोसळला आणि तो टप्पा जुलै २०१८ मध्ये, म्हणजे वर्षाहून अधिक काळाने, पुन्हा सुरू झाला. केपटाउनचा चॅपमन्स पीक ड्राइव्ह दगड कोसळण्याच्या धोक्यामुळे वेळोवेळी बंद ठेवला जातो. आरक्षणापूर्वी, निघण्याच्या आदल्या दिवशी आणि रोज सकाळी रस्ते विभागाची माहिती पाहावी. तसेच प्रत्येक टप्प्यावर किनारा सोडून आत वळणारे जोडरस्ते कुठे आहेत, हे नकाशावर खूण करून ठेवावे. जिथे पन्नास किलोमीटर असा एकही रस्ता नाही, त्या टप्प्यात अर्ध्याहून कमी इंधन घेऊन शिरू नये. कड्यांच्या आड मोबाइलचे नेटवर्क जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि मुक्कामांचे पत्ते कागदावरही लिहावेत.

गाडी आणि चालक

एकेरी रुंदीच्या रस्त्यांवर, जसे नॉर्थ कोस्ट ५०० च्या बऱ्याच भागात आहेत, ठरावीक अंतरावर गाडी बाजूला घेण्यासाठी फुगवटे ठेवलेले असतात. समोरून कुणी येताना दिसले की जवळच्या फुगवट्यापाशी थांबावे. तो आपल्या बाजूला असेल तर आत शिरावे, पलीकडच्या बाजूला असेल तर त्याच्यासमोर रस्त्यावरच थांबून समोरच्याला आत शिरू द्यावे. मागे गाडी खोळंबली असेल तर तिलाही तिथेच पुढे जाऊ द्यावे. या जागा फोटो काढण्यासाठी नाहीत. तिथे उभी केलेली एक गाडी दोन्ही बाजूंची वाहतूक अडकवते.

लांब उतारावर ब्रेक दाबून धरण्याऐवजी खालचा गिअर टाकावा. जळका वास आला तर ब्रेक तापले आहेत असे समजून सुरक्षित जागी थांबावे आणि ते निवू द्यावेत. दर दोन तासांनी निदान पंधरा मिनिटे विसावा घ्यावा. वळणांनी ज्याला मळमळते त्याला पुढे बसवावे आणि फोनऐवजी क्षितिजाकडे पाहायला सांगावे. चालकाने दृश्य पाहायचे ते गाडी थांबल्यावरच, आणि त्यासाठी सोबत्यांनीही ‘ते बघ, ते बघ’ करू नये.

भाड्याची गाडी वाळूवर न्यायची नाही. खालचा भाग, टायर आणि काच यांचे नुकसान साध्या विम्यात बहुधा येत नाही, आणि आइसलँडमध्ये तर वाळू आणि राखेसाठी वेगळे विमासंरक्षण विकले जाते, यावरून काय ते समजावे. स्वतःची गाडी असेल तर ओल्या वाळूचा कडकपणा भरती वळेपर्यंतच टिकतो, हे ध्यानात ठेवावे.

घरी पोहोचल्यावर दोन दिवसांच्या आत गाडी गोड्या पाण्याने धुवावी, आणि वरून चकचकीत करण्यापेक्षा चाकांच्या कमानी व खालचा सांगाडा यांवर पाण्याचा जोराचा फवारा मारून घ्यावा, कारण मीठ तिथेच साचते आणि गंज तिथूनच धरतो. पायपुसण्या उलट्या करून झटकल्या तरी पुढचे महिनाभर सीटच्या फटीतून वाळू निघत राहते, तिला इलाज नाही.